उजव्या कडेच्या रेघा

दर वर्षी जुलैत नवा वर्ग आला की पहिल्या तासाला मी फळ्यावर निबंध कसा मांडायचा ते लिहून देते. डावा समास दीड इंच, उजवा एक. ओळींमध्ये दुप्पट अंतर. शीर्षक मध्यावर, बाकीचा सगळा मजकूर डावीकडे सरळ. उजवी कड जशी पडेल तशी पडू द्यायची. हे शेवटचं वाक्य मी दोनदा लिहिते. दर वर्षी एखादी मुलगी हात वर करतेच, "मॅडम, दोनों तरफ़ से सीधा ज़्यादा अच्छा नहीं लगेगा?" मी म्हणते, "दिसेल छान. मग वाचून दाखव." त्यापुढचं सांगत बसत नाही. त्याला पूर्ण तास लागतो आणि अभ्यासक्रमात तेवढी जागा नाही. म्हणून ते इथे लिहिते.

मध्य भारत राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन हे राज्य झालं तेव्हा मी शाळेत होते. आता ते राज्यच विलीन होऊन नवीन मध्य प्रदेश व्हायचा होता. मधल्या आठ वर्षांत राजधानी ग्वाल्हेर की इंदूर या वादावर तोडगा असा निघाला होता की हिवाळ्यात सरकार आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदुरात. वर्षातून दोनदा कागदपत्रं ट्रंकांत भरून स्टेशनवर जात आणि दोनदा परत येत. कुठलाही कागद मागितला की तो दुसऱ्या गावी असे. आणि आता या सगळ्या ट्रंका कायमच्या भोपाळला निघाल्या होत्या.

मी चोवीस वर्षांची होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सरकारी कन्याशाळेत तात्पुरती शिक्षिका, आणि शाळा सांभाळून इतिहासात एम.ए. करत होते. लेखी परीक्षा झाली होती. राहिला होता प्रबंध: संस्थानाची टपालव्यवस्था, हिंदीत, बासष्ट पानं. खात्यात पक्की बातमी अशी होती की नवं राज्य होण्याआधी ज्यांचं एम.ए. पूर्ण होईल त्या तात्पुरत्या शिक्षकांना जुन्या यादीत धरून आहे त्याच जागी कायम करतील. उरलेल्यांची नवी यादी. नव्या यादीच्या नेमणुका भोपाळहून, आणि राज्य भिंडपासून बस्तरपर्यंत.

मला एकटीला बस्तरही चाललं असतं. पण दौलतगंजातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसंही दोनच होती, मी आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांची उभी हयात दरबारच्या दफ्तरात मोडी लिहिण्यात गेली. त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. लष्कर सोडून कुठे जायचं म्हटलं की ते म्हणत, "तू जा. माझी इथून उठायची तयारी नाही." म्हणजे प्रबंध ऑक्टोबरअखेर मंजूर झाला तर आमचं घर राहणार होतं, नाहीतर नाही. मी वहीत चार ओळी लिहिल्या: टंकलेखन, दाखल, तोंडी परीक्षा, निकाल. प्रत्येकीपुढे तारीख टाकली. मला वाटलं, आता काय, एकेक खूण करत जायचं.

पहिली खूण चुकली ती कॉलेजच्या मुख्य कारकुनांच्या, म्हणजे बडेबाबूंच्या टेबलावर.

बडेबाबूंनी प्रबंध उघडला, पण वाचला नाही. त्यांनी खणातून लाकडी पट्टी काढली, पहिल्या पानाच्या उजव्या कडेला लावली आणि मान हलवली.

"किनारा देखिए. जैसे चूहे ने कुतर लिया हो."

"ओळी आहेत त्या," मी हिंदीत म्हणाले. "शब्द जिथे संपेल तिथे ओळ संपणार."

त्यांनी एक परिपत्रक पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की प्रबंध वाचकास सुगम व्हावा यासाठी मजकुराच्या दोन्ही कडा सोबतच्या नमुन्याप्रमाणे सरळ असाव्यात. मी कागद उलटून पाहिला.

"नमूना कहाँ है?"

"इंदौर."

"कब आएगा?"

"सर्दियों में."

"सर्दियों में तो सब भोपाल जा रहा है."

"तो भोपाल में देख लीजिएगा," बडेबाबू म्हणाले आणि पट्टी खणात ठेवली.

प्रबंध टाइप करणारे काका पडावला, स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या जिन्याखाली बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बदलीच्या विनंत्या हे त्यांचं रोजचं काम. घराणं साताऱ्याकडून घोडदळाबरोबर आलेलं. घोडे कधीच गेले होते, पाठीचा कणा तेवढा ताठ राहिला होता. बडेबाबूंची पट्टी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी ती अंगावरच घेतली.

"माझी लाइन वाकडी म्हणाला? ताई, तुम्ही जा. आठ दिवसांनी या. अशी लाइन देतो की तो पट्टी विसरून जाईल."

"पण काका, शब्द लहानमोठे असतात. सगळ्या ओळी सारख्या कशा होणार?"

"जवान पण लहानमोठे असतात. परेडला लाइन होते की नाही?"

रीत त्यांनी मला समजावली. सर्वांत लांब ओळीची अक्षरं मोजायची. मग दुसरी ओळ तिच्यापेक्षा किती कमी पडते ते काढायचं, आणि तेवढी जागा शब्दाशब्दांत वाटून टाकायची. हिंदीच्या मशीनवर हे आणखी अवघड, कारण अर्धं अक्षर अर्धी जागा घेतं आणि काही मात्रा जागा घेतच नाहीत. म्हणजे प्रत्येक ओळ आधी कच्च्या कागदावर मोजायची, मग टाइप करायची. आठ दिवस त्यांनी दुसऱ्या कुणाचंही काम घेतलं नाही.

आठव्या दिवशी गठ्ठा हातात आला आणि मी खरोखर खूश झाले. पान लांब धरलं की विटेसारखं दिसत होतं. चारी बाजू नीट. घरी येऊन वाचायला बसले.

वाचता येईना. एका ओळीत शब्द एकमेकांना चिकटलेले, पुढच्या ओळीत दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. या मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पानावर पांढरे ओहोळ तयार झाले होते आणि डोळा वाक्य सोडून त्या ओहोळातून खाली घसरत होता. एक ओळ संपवून दुसरी धरायची तर कुठली धरायची तेही कळेना, कारण सगळ्या ओळी नेमक्या एकाच जागी संपत होत्या. आधीच्या प्रतीत एक ओळ आखूड, एक लांब, त्यामुळे आपण कुठे आहोत हे नजरेला न सांगता कळत होतं. हे मला त्या दिवशी समजलं आणि आजवर फळ्यावर लिहिते ते त्या दिवसामुळेच.

पण खरी गोष्ट सतराव्या पानावर होती. मी लिहिलं होतं की हरकाऱ्याला रात्री एकट्याने पाठवत नसत. टाइप झालं होतं: पाठवत असत. मी मूळ हस्तलिखित काढलं, शेजारी ठेवलं आणि पहिल्या पानापासून मिळवायला लागले. वहीत दोन रकाने केले, 'वाढलेले' आणि 'गेलेले'. वाढलेल्यांत 'भी', 'ही', 'तो', 'वस्तुतः', 'निस्संदेह'. गेलेल्यांत मुख्यतः 'नहीं'. एका ठिकाणी टपालमुन्शी प्रामाणिक होता असं माझं साधं वाक्य होतं. ते झालं होतं: टपालमुन्शीसुद्धा निःसंशय प्रामाणिकच होता. त्या बिचाऱ्याने काय काय केलं असेल असं कुणालाही वाटावं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पडावला गेले.

"काका, हा 'नहीं' कुठे गेला?"

काकांनी चष्मा लावला, पान पाहिलं. "बाहेर येत होता, ताई. अडीच अक्षरं लाइनच्या बाहेर."

"म्हणून काढून टाकलात?"

"एक जवान लाइनच्या बाहेर उभा राहिला तर सुभेदार काय करेल? सगळी पलटण सरकवेल?"

"पण अर्थ उलटा झाला ना!"

"अर्थ वाचणाऱ्याच्या हातात असतो. लाइन माझ्या हातात आहे." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आला. "आता बघा, तुम्ही म्हणत असाल तर पहिल्यासारखं करून देतो. बाकी सांगतो, तो बडाबाबू घेणार नाही. आणि मी हे माझ्या नावाने कुणाला दाखवणार पण नाही."

त्यांनी ते मुकाट्याने पुन्हा केलं, माझ्या शब्दांत, उजवी कड मोकळी, कार्बन लावून तीन प्रती: दोन कॉलेजला, एक शिक्का मारून माझ्याकडे ठेवायला. गठ्ठा हातात आला बुधवारी. दाखल करायची शेवटची मुदत शनिवारी दुपारी चार. मी ठरवलं होतं की शनिवारी दोन्ही तऱ्हेच्या प्रती घेऊन सरळ प्राचार्यांकडे जायचं, एक पान सरळ कडेचं आणि एक मोकळ्या कडेचं त्यांच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, वाचून बघा. यातलं सुगम कुठलं ते तुम्हीच सांगा.

बुधवारी संध्याकाळी मी हा बेत बाबांना सांगितला. ते नव्या प्रतीची पानं बोटाने सरकवत होते. त्यांची मुद्रा बडेबाबूंसारखीच होऊ लागली.

"हे असंच देणार?"

"असंच."

"प्रत्येक ओळीनंतर जागा सोडली आहेस."

"सोडली नाही, बाबा. उरली आहे."

"दफ्तरात हे चाललं नसतं." मोडी लिहिताना आधी पानभर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला खाली टांगत जायचं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्यामुळे बाबांच्या जगात ओळ कमी पडते ही कल्पनाच नव्हती. वाक्य संपलं आणि रेघ उरली तर उरलेल्या जागेत बारीक उभ्या रेघा मारून ती बंद करायची. "मोकळी जागा म्हणजे उघडं दार. एका सनदेत नावापुढे बोटभर जागा राहिली होती. कुणीतरी तिथे 'व बंधू' घातलं. अर्धं गाव गेलं."

"माझ्या प्रबंधात कोण काय घालणार?"

"ते घातल्यावर कळतं."

"बाबा, नको. हात लावू नका. माझी शपथ आहे."

त्यांनी पानं जुळवून गठ्ठा खाली ठेवला. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर मी ही चूक करायला नको होती.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दीडला घरी आले तर तिन्ही प्रती लाल रुमालात बांधून उंबऱ्याशी ठेवलेल्या, आणि बाबा खिडकीत बसून टाक पुसत होते. मी गाठ सोडली. पहिलं पान, दुसरं, दहावं. प्रत्येक ओळीच्या शेवटी, जिथे जिथे जागा उरली होती तिथे तिथे, काळ्या शाईत बारीक उभ्या रेघा. कुठे तीन, कुठे आठ, कुठे चौदा. सारख्या उंचीच्या, सारख्या अंतरावर, मजकुराच्या उजव्या कडेला येऊन नेमक्या थांबलेल्या. एका पानावर सव्वीस ओळी धरल्या तर तिन्ही प्रतींत मिळून पाच हजारांच्या आसपास ओळी होतात. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार सकाळ, मी शाळेत असताना, त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"शपथ घातली होती ना मी!"

"तुझी शपथ होती. माझी नव्हती." मग पानाकडे बोट दाखवून, "कड बघ तरी."

कड दोरा लावल्यासारखी होती. मी बघितली आणि रडू येण्याआधी घड्याळ बघितलं. पावणेदोन. पुन्हा टाइप होणं अशक्य. प्राचार्यांपुढे सुगमतेचा मुद्दा मांडणंही आता अशक्य, कारण सुगमतेला रेघा फुटल्या होत्या. मी रुमाल बांधला आणि टांग्यात बसले.

बडेबाबूंनी पट्टी लावली. पहिलं पान, तिसावं, शेवटचं. रेघांकडे त्यांनी पाहिलंही नाही. रेघा पट्टीच्या आतल्या बाजूला होत्या.

"अब हुई न बात," ते म्हणाले आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारला.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे होते. ते आले ऑक्टोबरच्या मध्यावर, जबलपूरहून. मूळचे अमरावतीकडचे, मराठीच, आणि स्वतःच त्या फेरवाटणीत अडकलेले: घर मुंबई राज्यात जाणार होतं, नोकरी मध्य प्रदेशात. त्यांच्या प्रांताची दफ्तरंही त्या वेळी वाटली जात होती आणि कुठलं कपाट कुणी लपवलं याच्याशिवाय ते दुसरं बोलत नव्हते. खोलीत ते, मी आणि मला मार्गदर्शन करणारे आमचे प्राध्यापक. प्राध्यापक सज्जन होते आणि बहुतेक वेळ छताच्या पंख्याकडे बघत.

परीक्षकांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"बाई, प्रबंध चांगला आहे. पण मला एक सांगा, यातलं कापलं कोणी?"

"कापलं नाही, सर."

त्यांनी खिशातून एक वही काढली. त्यात रकाने होते: पान, ओळ, रेघा. बासष्ट पानांचे. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या आहेत; ती माझ्या कुठल्याही यादीपेक्षा नीट होती.

"पान तेवीस, ओळ चौदा. 'दरबार की ओर से आदेश हुआ कि', आणि पुढे पाच रेघा. खालच्या ओळीत, 'पत्र खोलकर देखे न जाएँ.' कोणाचे पत्र?"

"सगळ्यांचे, सर."

"सगळ्यांसाठी कोणी आदेश काढतं का हो? इथे पाच अक्षरं गाळली आहेत. 'विरोधियों के' असं होतं की नाही? वि, रो, धि, यों, के. पाच!" त्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. "आणि पुढचा 'न' मागाहून घातलेला. मी मोजलं आहे."

मी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत हळूच म्हणाले, "कह दो, कुछ कह नहीं सकती."

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "सांगता येत नसेल तर मी समजू शकतो. तुमचे वडील दरबारच्या दफ्तरात होते असं ऐकतो. घरचं मीठ आहे. पण जे गाळलं ते गाळलं म्हणून खूण ठेवलीत, हा संशोधकाचा प्रामाणिकपणा झाला. त्याचे मी वेगळे गुण देईन."

खरं सांगायचं तर एक क्षण मोह झाला. न बोलता पहिला वर्ग मिळत होता.

"फक्त," ते म्हणाले, "मग हा प्रबंध आधी नव्या सरकारच्या दफ्तरखान्याकडे जाईल. ते पाहतील, आणि मग निकाल. डिसेंबर तरी उजाडेल."

डिसेंबर म्हणजे नवी यादी. मोह तिथेच संपला.

"सर, रेघांच्या जागी काहीच नव्हतं. ओळ पुरली नाही म्हणून माझ्या वडिलांनी जागा भरली आहे."

"वडिलांनी."

"हो."

"सोळाशे ओळी."

"तिन्ही प्रती मिळून पाच हजार. हो."

"का?"

"कुणी मध्ये काही घालू नये म्हणून."

परीक्षकांनी प्राध्यापकांकडे पाहिलं, प्राध्यापकांनी पंख्याकडे. मग परीक्षक म्हणाले, "बोलवा त्यांना."

मी स्वतःच टांगा केला. दौलतगंजात पोचले तेव्हा बाबा जेवून आडवे झाले होते.

"चला. परीक्षकांनी बोलावलंय."

"साक्ष आहे?"

"हो."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याच रेघांविरुद्ध. लवकर चला, बाबा."

लवकर हा शब्द त्यांनी नोकरीत कधी ऐकला नव्हता. धुतलेलं धोतर, लांब कोट, काळी टोपी, उपरणं. मग टाक, दौत, आणि दौत सांडू नये म्हणून ती ठेवायला पितळी वाटी. टांग्यात ती वाटी मी धरली. वाटेत मी त्यांना पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं, यादी, भोपाळ, बस्तर. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आधी का नाही बोललीस?" मी म्हटलं, बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? त्यांनी विचार केला. "रेघा जरा जपून मारल्या असत्या."

परीक्षकांनी उठून नमस्कार केला, बाबांनीही केला. मग परीक्षकांनी एका कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली आणि काही न बोलता पुढे केली. बाबांनी वाटीत दौत ठेवली, टाक बुडवला, नखावर टेकवून पाहिला आणि उरलेली जागा भरली. नऊ रेघा. परीक्षकांनी दुसरी ओळ लिहिली. चार. तिसरी. अकरा. मग त्यांनी प्रबंधातलं तेविसावं पान उघडलं आणि चौदावी ओळ जशीच्या तशी त्याच मापाने लिहिली. बाबांनी पाच रेघा मारल्या.

परीक्षकांनी तो कागद प्रबंधातल्या पानाशेजारी ठेवून पाहिला. त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरचा पाहुणा रद्द व्हावा तसा झाला होता.

"म्हणजे इथे काहीच नाही?"

"काहीच नाही, साहेब," बाबा म्हणाले. "म्हणून तर रेघा. काही असतं तर लिहिलं असतं."

"आणि हे शेवटचं पान? इथे तर शेवटच्या ओळीत पस्तीस आहेत!"

"तिथे मुलीचं म्हणणं संपलं. बाकीची ओळ काय उघडी टाकायची?"

परीक्षकांनी वही मिटली. मग एकाएकी हसायला लागले, आणि हसता हसता मला म्हणाले, "बाई, बावीस रात्री घालवल्या मी यात." प्राध्यापकांनीही जपून हसून घेतलं. अहवालाचा छापील फॉर्म पुढे ओढून परीक्षकांनी लिहिलं, 'स्वीकृत', खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

तो माझ्यापर्यंत पोचला नाही. बाबांनी मध्येच हात ठेवला.

"साहेब, पुढची जागा."

"कुठली?"

"'स्वीकृत'च्या पुढची. कुणी 'नहीं' घालील."

"बाबा!" मी म्हणाले.

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग हात पुढे करून बाबांचा टाक मागितला आणि 'स्वीकृत'च्या पुढे उभ्या रेघा मारायला लागले. वाकड्यातिकड्या, कमीजास्त उंचीच्या. बाबा मान वाकडी करून बघत होते.

"दोन कमी पडल्या," ते म्हणाले.

परीक्षकांनी दोन मारल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात यादी शाळेच्या फळ्यावर लागली. जुनी यादी, खालून तिसरं नाव माझं, जागा तीच. मी ते दोनदा वाचलं, नावावर आणि शाळेवर वेगवेगळं बोट ठेवून, मग वर्गावर गेले, कारण तास सुरू झाला होता. नवं राज्य झालं त्या दिवशी आम्हाला सुट्टी होती. मी घर झाडलं आणि ट्रंकेत भरून ठेवलेली भांडी, जी कुणाला न सांगता सप्टेंबरमध्येच भरली होती, परत फळीवर मांडली. बाबा ते बघत होते.

"आता ते वाच," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा प्रबंध. काय लिहिलंयस ते तरी कळू दे."

"तिन्ही प्रतींच्या एकेका ओळीवरून हात फिरवलात, आणि वाचलं नाहीत?"

"मी उजव्या कडेला होतो."

माझी स्वतःची प्रत काढली आणि वाचायला बसले. मोजून बघितलं तर पडावच्या काकांनी लाइन बसवली होती, बडेबाबूंनी पट्टी लावली होती, परीक्षकांनी रेघा मोजल्या होत्या. पहिल्या पानापासून सरळ ऐकायला बसलेला हा पहिलाच माणूस. तीन पानं ते डोळे मिटून ऐकत राहिले. चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"थांब. शिवपुरीचं टपाल आठवड्यातून दोनदा? तीनदा जायचं."

"दोनदा, बाबा. संस्थानाच्या छापील अहवालात आहे. मी स्वतः पाहिलंय."

"कुठल्या अहवालात?"

मी तळटीप वाचून दाखवली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्याची छापखान्याकडे गेलेली नक्कल माझी होती," ते म्हणाले. "दोन मीच लिहिलं. चूक माझी."

"मग तेव्हाच दुरुस्त का नाही केलंत?"

"लक्षात आलं तोवर ओळ भरली होती. जागाच नव्हती." आणि मग, मी अजून त्यांच्याकडेच बघते आहे हे पाहून, "पुढे वाच."